विश्लेषण : वाय-फाय आतल्या खोलीतच का रेंगाळते? हाइन्रिख हर्ट्झ यांच्या वर्गखोलीत सापडणारे उत्तर

हॉलमध्ये राउटरशेजारी बसले की व्हिडीओ न अडखळता चालतो आणि आतल्या खोलीत गेले की पडद्यावर गोल चक्र फिरू लागते. अशा वेळी पहिला फोन इंटरनेट देणाऱ्या कंपनीला जातो आणि मग महागडा प्लॅन घेण्याचा विचार सुरू होतो. बऱ्याच घरांत दोष कंपनीचाही नसतो आणि प्लॅनचाही नसतो. तो खोलीचा असतो. भिंत, लोखंडी कपाट, आरसा, पाण्याची टाकी, इतकेच काय मध्ये उभा असलेला माणूसही बिनतारी लहरींची वाट अडवतो. हे प्रयोगाने प्रथम दाखवणारे, आणि ते दाखवताना खोलीमुळेच मोठा चकवा खाल्लेले शास्त्रज्ञ म्हणजे जर्मनीचे हाइन्रिख हर्ट्झ (१८५७-१८९४). राउटरच्या खोक्यावर ‘२.४ गिगाहर्ट्झ’ आणि ‘५ गिगाहर्ट्झ’ असे छापलेले असते, त्यातले हर्ट्झ ते हेच.

हर्ट्झ कोण होते?

हाइन्रिख रूडोल्फ हर्ट्झ यांचा जन्म २२ फेब्रुवारी १८५७ रोजी हॅम्बुर्ग येथे झाला. वडील वकील होते, पुढे ते शहराच्या सिनेटचे सदस्य झाले. घरात पुस्तके होती, पैशांची ददात नव्हती. मुलगा भाषांत हुशार होता, शाळेत असतानाच त्याने अरबी शिकायला घेतली होती. मात्र त्याचा जीव हाताच्या कामात अधिक रमायचा. घरी त्याच्याकडे सुतारकामाचे बाक आणि लेथ होता. मोजमापाची लहानसहान उपकरणे तो स्वत: बनवायचा. लाकूड कातायला शिकवणाऱ्या कारागिराला पुढे आपला शिष्य प्राध्यापक झाल्याचे कळले, तेव्हा एक उत्तम कारागीर हातचा गेला म्हणून तो हळहळला, अशी आठवण कुटुंबात सांगितली जाई. ती केवळ गमतीची नाही. हर्ट्झ यांनी पुढे जे सिद्ध केले ते तारा वाकवून, पत्रे कापून आणि फटी जुळवून सिद्ध केले. तयार उपकरण मिळण्यासारखे दुकान त्या काळी नव्हतेच.

सुरुवातीला त्यांनी अभियंता होण्याचे ठरवले होते. ड्रेस्डेनमध्ये शिक्षण, मग बर्लिनमध्ये रेल्वे रेजिमेंटमध्ये वर्षभराची लष्करी सेवा, मग म्युनिक. तेथे पोहोचल्यावर त्यांचे मन फिरले. अभियांत्रिकी सोडून निसर्गविज्ञान शिकू का, असे त्यांनी वडिलांना पत्राने विचारले आणि परवानगी मिळाली. १८७८ मध्ये ते बर्लिनला हेर्मान फोन हेल्महोल्ट्झ यांच्याकडे दाखल झाले. हेल्महोल्ट्झ तेव्हा जर्मन भौतिकशास्त्रातले सर्वात वजनदार नाव होते.

गुरूंनी कोणता प्रश्न दिला?

स्कॉटलंडचे जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी कागदावर असे मांडले होते की विजेचा आणि चुंबकाचा परिणाम लहरींच्या रूपाने पसरतो, त्या लहरींचा वेग प्रकाशाइतकाच असतो आणि प्रकाश हा स्वत: त्याच जातीची लहर आहे. समीकरणे होती, पुरावा नव्हता. जर्मनीतले बरेच जण तर अजूनही वीज दूरवरच्या वस्तूवर क्षणात परिणाम करते असेच मानत होते. बर्लिनच्या अकादमीने १८७९ मध्ये या सिद्धांताच्या एका भागाची प्रयोगाने तपासणी करण्यासाठी बक्षीस जाहीर केले आणि हेल्महोल्ट्झ यांनी आपल्या या विद्यार्थ्याला तो प्रश्न हाती घेण्यास सुचवले.

हर्ट्झ यांनी हिशेब करून पाहिला. त्यासाठी विजेची इतकी जलद आंदोलने हवी होती की ती निर्माण कशी करायची हेच तेव्हा कोणाला ठाऊक नव्हते. त्यांनी नकार दिला, पण प्रश्न डोक्यातून गेला नाही. १८८० मध्ये डॉक्टरेट, त्यानंतर हेल्महोल्ट्झ यांचे सहायक, १८८३ पासून कील येथे अध्यापन. तेथे प्रयोगशाळा नसल्याने त्यांनी कागदावरचेच काम केले. १८८५ मध्ये कार्ल्सरूहच्या तंत्रशिक्षण संस्थेत प्राध्यापकपद मिळाले आणि हाताशी उपकरणेही आली. पुढच्याच वर्षी तिथल्याच एका अध्यापकांची कन्या एलिझाबेथ डोल यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

ठिणगीतून लहर कशी सापडली?

१८८६ च्या शरद ऋतूत वर्गात दाखवायच्या तारेच्या वेटोळ्यांशी काम करताना त्यांना एक गोष्ट दिसली. एका वेटोळ्यात ठिणगी पडली की जवळच्या, न जोडलेल्या दुसऱ्या वेटोळ्याच्या फटीतही बारीक ठिणगी पडत होती. सात वर्षांपूर्वी अशक्य वाटलेली जलद आंदोलने या ठिणगीत आहेत, हे त्यांनी ओळखले. मग त्यांनी तांब्याची सरळ तार घेतली, तिच्या मधोमध छोटी फट ठेवली आणि दोन टोकांना जस्ताचे मोठे गोळे लावले. फटीत ठिणगी पाडली की तारेत विजेचे हेलकावे सुरू होत. हा झाला प्रेषक, आजच्या भाषेत राउटर. ग्राहक म्हणून तारेचे एक साधे कडे, त्यातही एक बारीक फट. एवढाच तो पहिला फोन.

या कड्यातली ठिणगी कित्येकदा मिलिमीटरच्या काही शतांश भागाइतकीच असे. ती पाहायची तर खोलीत पूर्ण अंधार करून, डोळे सरावेपर्यंत थांबून, स्क्रूने फट कमी-जास्त करत बसावे लागे. सिग्नलच्या दांड्या मोजण्याचा हा मूळ प्रकार होता.

ठिणगी नीट दिसावी म्हणून त्यांनी ग्राहकाच्या फटीभोवती एक काळी पेटी बसवली आणि ठिणगी उलट आखूड झाली. वास्तविक पेटीचा आणि विजेचा काही संबंध नसायला हवा होता. हर्ट्झ यांनी मुख्य काम बाजूला ठेवले आणि पेटीच्या भिंती एकेक करून काढून पाहिल्या. फक्त दोन ठिणग्यांच्या मध्ये येणारी भिंत काढली की फरक पडत होता. मग त्या जागी निरनिराळ्या वस्तू ठेवून पाहिल्या. काच ठेवली तर परिणाम अडत होता, स्फटिकाचा तुकडा ठेवला तर अडत नव्हता. म्हणजे प्रेषकाच्या ठिणगीतला अतिनील प्रकाश ग्राहकाच्या फटीवर पडून ठिणगीला मदत करत होता. १८८७ मध्ये त्यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले आणि कारण शोधण्याचा आग्रह न धरता पुढे गेले. हाच प्रकाशविद्युत परिणाम. १९०५ मध्ये अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी त्याचे स्पष्टीकरण दिले आणि १९२१ चे नोबेल त्यांना मिळाले ते मुख्यत: त्याच कामासाठी.

घरातल्या वाय-फायची तक्रार सोडवताना नेमकी हीच शिस्त राहत नाही. राउटर हलवला, पासवर्ड बदलला, फोन रीस्टार्ट केला, सगळे एकदम केले तर कशाने फरक पडला हे कळतच नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि प्रत्येक बदलानंतर त्याच जागी, त्याच फोनवर वेग तपासायचा.

वेगाच्या मोजणीत चकवा कुठे बसला?

१८८७ च्या अखेरीस हर्ट्झ मुख्य प्रश्नाकडे वळले. हवेतून जाणाऱ्या या परिणामाला वेळ लागतो का? लागत असेल तर वेग किती? त्यांची युक्ती सोपी होती. एकाच प्रेषकातून एक लहर तारेवरून सोडायची, दुसरी हवेतून, आणि दोन्ही एकमेकींना कुठे बळ देतात, कुठे मारतात ते कड्यातल्या ठिणगीवरून पाहायचे. पहिल्या निरीक्षणांत हवेतला वेग अनंत असल्यासारखेच दिसले. ते खरे ठरले असते तर मॅक्सवेल चूक ठरले असते. नाउमेद होऊन हर्ट्झ यांनी काम थांबवले. काही आठवड्यांनी त्यांनी पुन्हा मांडामांड केली, तेव्हा वेग मर्यादित असल्याचे स्पष्ट झाले. मात्र आकडे विचित्र होते. तारेवरची लहर सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जात होती आणि हवेतली सुमारे ३ लाख २० हजार किलोमीटर. मॅक्सवेल यांच्या सिद्धांतानुसार दोन्ही वेग सारखे यायला हवे होते.

येथे दोन चुका एकमेकींत गुंतल्या होत्या. एक गणिताची होती. आंदोलनाचा काळ काढताना हर्ट्झ यांच्या हिशेबात त्रुटी राहिली होती, ती पुढे फ्रान्सचे गणितज्ञ आंरी प्वांकारे यांनी दाखवून दिली. ती दुरुस्त केली की तारेवरचा वेग प्रकाशाच्या जवळ येत होता, पण त्याच हिशेबाने हवेतला वेग आणखीच फुगत होता. दुसरी चूक खोलीत होती.

कार्ल्सरूहचे ते भौतिकशास्त्राचे सभागृह सुमारे १५ मीटर लांब, १४ मीटर रुंद आणि ६ मीटर उंच होते. आजच्या फ्लॅटच्या मानाने ऐसपैस. पण आत दोन्ही बाजूंना लोखंडी खांबांच्या रांगा होत्या. लहरींच्या दृष्टीने त्या रांगा म्हणजे जवळजवळ भिंतीच, त्यामुळे वापरण्याजोगी रुंदी उरली साडेआठ मीटर. एक लोखंडी शेगडीही होती. प्रेषकाची लहर मात्र काही मीटर लांबीची. एवढ्या लांब लहरीला त्या खोलीत पाय पसरायलाच जागा नव्हती. भिंतींवरून, खांबांवरून परतलेल्या लहरी मूळ लहरीत मिसळत आणि मोजणी बिघडवत.

घरी हीच तपासणी कशी करायची?

तार आणि हवा यांची तुलना करण्याची हर्ट्झ यांची पद्धत आजही सर्वात उपयोगी आहे. लॅपटॉप केबलने थेट राउटरला जोडून वेग तपासावा. केबलवरही वेग कमी येत असेल तर दोष बाहेरून येणाऱ्या जोडणीत, राउटरमध्ये किंवा प्लॅनमध्ये आहे, खोल्यांत राउटर हलवत बसण्यात अर्थ नाही. केबलवर वेग पूर्ण आणि हवेतून निम्म्याहून कमी असेल तर तक्रार घरातली आहे. लॅपटॉप नसेल तर राउटरपासून दोन-तीन मीटरवर, मध्ये काहीही न येऊ देता, फोन ५ गिगाहर्ट्झवर जोडून तपासले तरी अंदाज येतो.

एक घोटाळा मात्र टाळायला हवा. हर्ट्झ मोजत होते तो लहरीच्या प्रवासाचा वेग. तो घरात कधीच मंदावत नाही. राउटरपासून १० मीटरवरच्या फोनपर्यंत लहर सेकंदाच्या सुमारे ३ कोटींव्या भागात पोहोचते. आपण ज्याला वाय-फायचा स्पीड म्हणतो तो म्हणजे सेकंदाला किती माहिती बिनचूक पोहोचली याचा आकडा. सिग्नल क्षीण किंवा गढूळ झाला की राउटर माहिती सावकाश, सोप्या सांकेतिक पद्धतीने पाठवू लागतो आणि न पोहोचलेले तुकडे पुन:पुन्हा पाठवतो. यात आणखी एक गंमत आहे. राउटर आणि सगळी उपकरणे एकच हवा वाटून घेतात. आतल्या खोलीतला एक दूरचा फोन प्रत्येक तुकड्याला जास्त वेळ खात असेल, तर राउटरशेजारी बसलेल्याचाही वेग घटतो.

खोलीत ‘मृत जागा’ का तयार होतात?

मोजणीत बसलेल्या धक्क्यातूनच हर्ट्झ यांचा सर्वात सुंदर प्रयोग निघाला. लोखंडी खांबांच्या मागे सावलीसारखा भाग पडतो आणि भिंतीजवळ गेले की परिणाम अनपेक्षितपणे वाढतो, हे त्यांच्या लक्षात आले होते. म्हणजे भिंत लहर परतवत होती. मग परतवायचीच तर नीट परतवू, असे त्यांनी ठरवले. १८८८ च्या मार्चमध्ये त्यांनी सभागृहाच्या एका भिंतीवर ४ मीटर उंच आणि २ मीटर रुंद जस्ताचा पत्रा ठोकला, लटकते गॅसचे नळ आणि दिव्यांची झुंबरे खाली उतरवली आणि समोर प्रेषक ठेवला. जाणारी लहर आणि पत्र्यावरून परतणारी लहर एकमेकींत मिसळून स्थिर लहर तयार झाली. अंधारात कडे हातात धरून ते पुढे-मागे सरकत. काही जागी ठिणगी ठसठशीत दिसे, काही जागी पूर्ण विझे. विझण्याच्या दोन जागांमधले अंतर त्यांनी मोजले, ते सुमारे ४.८ मीटर आले. लहरीची लांबी त्याच्या दुप्पट. हवेत विजेची लहर असते याचा हा हाती धरून दाखवता येणारा पुरावा होता.

विझण्याच्या त्या जागा म्हणजेच घरातल्या मृत जागा. फरक इतकाच की २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे साडेबारा सेंटीमीटर आणि ५ गिगाहर्ट्झची सुमारे ६ सेंटीमीटर असते. त्यामुळे चांगली आणि वाईट जागा यांत कधी कधी चार बोटांचेच अंतर असते. उशीपाशी ठेवलेला फोन अडतो आणि हातात उचलला की चालू लागतो, त्यात अनेकदा हेच घडते. आताच्या राउटरना एकाहून अधिक अँटेना असतात आणि ते परतलेल्या लहरींचाही उपयोग करून घेतात, म्हणून हर्ट्झ यांच्या कड्यासारखा पूर्ण अंधार क्वचितच होतो. तरीही राउटर किंवा टीव्हीचा बॉक्स वीतभर सरकवून पाहणे हा फुकटचा उपाय आहे आणि तो बहुतेक जण करत नाहीत.

दार, माणूस, पत्रा : काय अडते, काय अडत नाही?

१८८८ च्या अखेरीस हर्ट्झ यांनी खोलीशी झगडणे सोडले आणि लहरच आखूड केली. पितळी नळकांड्यांचा छोटा प्रेषक बनवून त्यांनी सुमारे ६६ सेंटीमीटर लांबीच्या लहरी मिळवल्या. जस्ताचा २ मीटर उंचीचा पत्रा वाकवून अंतर्गोल आरसा केला. प्रेषक एका आरशात आणि ग्राहक दुसऱ्यात. आता लहर टॉर्चच्या झोतासारखी एका दिशेने जाऊ लागली. शेजारच्या खोलीचे दार उघडून त्यांनी १६ मीटरपर्यंत ठिणग्या मिळवल्या. मग दार लावले. लाकडी दाराआडही ठिणग्या पडत राहिल्या. बंद खोलीत त्या दिसाव्यात याचे त्यांना स्वत:लाच नवल वाटले. मदतनीस झोताच्या आडून चालत गेला की ठिणगी विझे, तो पलीकडे गेला की पुन्हा पेटे. धातूचा पातळ पत्रा, इतकेच नव्हे तर वर्खाचा कागदही झोत अडवत होता.

एका लाकडी चौकटीवर ३ सेंटीमीटर अंतराने तांब्याच्या तारा ताणून त्यांनी जाळी केली. तारा ठिणगीच्या फटीला समांतर असताना झोत अडला. जाळी काटकोनात फिरवली तर तो सरळ आरपार गेला. डांबराचा ६०० किलोच्या आसपास वजनाचा लोलक ओतून त्यांनी झोत वाकवूनही दाखवला. प्रकाश जे जे करतो ते सारे ही लहर करत होती. शिवाय या आखूड लहरींच्या बाबतीत तार आणि हवा यांतला तो छळणारा फरकही जवळजवळ नाहीसा झाला.

आपल्या घरांना हे प्रयोग शब्दश: लागू पडतात. लाकडी दार किंवा पातळ प्लायची भिंत फारसे बिघडवत नाही. विटांची जाड भिंत सिग्नल खाते आणि लोखंडी सळयांचे काँक्रीट त्याहून अधिक. पोलादी कपाट, फ्रिज आणि पाऱ्यासारखा चकाकणारा मोठा आरसा म्हणजे हर्ट्झ यांचा जस्ताचा पत्राच, कारण आरशाच्या काचेमागे धातूचा थर असतो. पाणीही लहर शोषते. म्हणून मत्स्यपेटीमागे किंवा पोटमाळ्यावरच्या टाकीशेजारी राउटर ठेवणे चुकीचे. आपल्याकडे केबल जिथून घरात शिरते तिथेच, म्हणजे मुख्य दारामागच्या कोपऱ्यात, तोही टीव्हीच्या युनिटमध्ये, राउटर बसवायची पद्धत पडली आहे. अर्धा सिग्नल जिन्यात जातो. चार-पाचशे रुपयांची लांब केबल घेऊन राउटर घराच्या मध्याकडे, खांद्याहून उंच आणि उघड्यावर आणला तर नव्या राउटरचा खर्च बरेचदा वाचतो. अँटेना बाहेर असतील तर घर एकमजली असताना त्या उभ्या ठेवाव्यात. फोन आपण कसाही धरतो, म्हणून दोन अँटेनांपैकी एक थोडी तिरपी ठेवण्यातही हशील आहे. जाळी फिरवल्यावर काय होते ते वर आलेच आहे.

२.४ गिगाहर्ट्झची लहर भिंतीपलीकडे बरी पोहोचते, पण त्याच पट्ट्यात शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह ओव्हन यांची गर्दी असते. सोसायटीत दहा-बारा नावे दिसत असतील तर राउटरच्या सेटिंगमध्ये १, ६ आणि ११ यांपैकी सर्वात मोकळे चॅनेल निवडावे, कारण हे तीन एकमेकांत घुसत नाहीत. ५ गिगाहर्ट्झ वेगवान आणि मोकळे, मात्र दोन भिंतींत दमणारे. एकाच खोलीत असताना ५ आणि दूर असताना २.४, हा साधा हिशेब. रिपीटर घेतलाच तर तो सिग्नल मेलेल्या खोलीत लावू नये, त्याला पुढे पाठवायलाच काही मिळत नाही. वाटेत, जिथे सिग्नल अजून चांगला आहे तिथे लावावा. त्यातही एकाच पट्ट्यावर घ्यायचे आणि त्यावरच द्यायचे असे काम करणारा रिपीटर वेग साधारण निम्मा करतो. मोठ्या घरात केबल ओढून दुसरा राउटर जोडणे हाच खात्रीचा मार्ग.

चकव्याचा उलगडा केव्हा झाला?

लांब लहरींच्या बाबतीतला तो फरक हर्ट्झ यांनी लपवला नाही. १८९२ मध्ये आपले शोधनिबंध पुस्तकरूपाने काढताना त्यांनी प्रस्तावनेत आपल्या चुकांची आणि खोलीबद्दलच्या संशयाची मोकळेपणाने चर्चा केली. आपलेच गाजलेले आकडे आपल्याच सभागृहाने बिघडवले असावेत, असे लिहायला मन मोठे लागते. निर्णायक प्रयोग जिनिव्हात झाला. एदुआर साराझँ आणि ल्युस्यँ द ला रीव्ह यांनी ऱ्होन नदीवरच्या जलकेंद्राच्या भव्य दालनात ८ मीटर उंच आणि १६ मीटर रुंद परावर्तक उभारला. १८९३ मध्ये त्यांनी दाखवून दिले की पुरेशी जागा मिळाली तर हवेतला आणि तारेवरचा वेग सारखाच येतो. मॅक्सवेल बरोबर होते आणि हर्ट्झ यांची पद्धतही बरोबर होती, फक्त खोली लहान पडली होती.

तोवर हर्ट्झ बॉनला गेले होते. १८८९ मध्ये रूडोल्फ क्लाउझियस यांच्या जागी त्यांची तेथे नेमणूक झाली. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८९० मध्ये रमफर्ड पदक दिले. १८८९ च्या डिसेंबरमध्ये म्युनिकच्या हुबर नावाच्या एका अभियंत्याने पत्र लिहून विचारले की या लहरींवरून टेलिफोन चालेल का. हर्ट्झ यांनी नकारार्थी उत्तर दिले. आवाजाची आंदोलने फार मंद, त्यामुळे त्यांची लहर शेकडो किलोमीटर लांब. ती परतवायची तर खंडाएवढा आरसा लागेल, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब चोख होता. जलद लहरीच्या पाठीवर मंद आवाज बसवून पाठवण्याची कल्पना मात्र त्यात नव्हती. आज वाय-फायवरून केलेल्या कॉलमध्ये आवाज, आकड्यांत रूपांतर होऊन का होईना, जलद लहरीवरूनच जातो.

१८९२ पासून त्यांची प्रकृती ढासळली. नाक आणि जबड्याच्या भागातले दुखणे, असह्य डोकेदुखी, एकापाठोपाठ शस्त्रक्रिया. त्यातही यांत्रिकीच्या मूलतत्त्वांवरचे पुस्तक लिहिण्याचे काम त्यांनी सोडले नाही. १ जानेवारी १८९४ रोजी बॉन येथे त्यांचे निधन झाले, तेव्हा ते ३६ वर्षांचे होते. पुस्तक त्यांच्या पश्चात त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. त्याच उन्हाळ्यात इटलीतल्या गुल्येल्मो मार्कोनी या २० वर्षांच्या तरुणाने हर्ट्झ यांच्या प्रयोगांविषयी वाचले आणि या लहरींनी संदेश पाठवायचे त्याच्या मनाने घेतले.

सेकंदाला एक आवर्तन म्हणजे एक हर्ट्झ, हे नाव आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने १९३० मध्ये स्वीकारले. तीन वर्षांनी नाझी सत्तेवर आले. हर्ट्झ ख्रिस्ती म्हणून वाढले होते, पण वडिलांचे घराणे मूळचे ज्यू. तेवढ्यावरून हॅम्बुर्गच्या नगरभवनातले त्यांचे चित्र उतरवण्यात आले. पत्नी एलिझाबेथ आणि योहाना व माटिल्डे या दोघी मुली जर्मनी सोडून इंग्लंडला गेल्या. एककाचे नाव राहिले आणि १९६० मध्ये ते आंतरराष्ट्रीय मापनपद्धतीत दाखल झाले.